मुंजीनंतर उरल्या पावणेदोनशे बाटल्या. आता काय करू?

तिखटमीठ (डोंबिवली)

मागच्या रविवारी थोरल्याची मुंज झाली. सगळं छान पार पडलं. प्रश्न त्यानंतरचा आहे. हॉलवाल्याने प्रत्येक ताटापाशी पाण्याची छोटी बाटली ठेवली होती. निघताना बघते तर सासरे दोन गोण्या डिकीत कोंबतायत. "चांगल्या बाटल्या आहेत गं, टाकायच्या कशाला?" आता त्या गोण्या आमच्या बाल्कनीत आहेत आणि कपडे वाळत घालायला मी एका पायावर उभी असते.

काल रात्री मोजल्या. पाव लिटरच्या १३१, एक लिटरच्या ३२ आणि थंडपेयाच्या दोन लिटरवाल्या ११. एकूण १७४.

बाल्कनी दहा बाय चारची, कुंड्या १४. खरोखर वापरात येईल असं काही सुचवा. एकच विनंती, बाटलीचं फुलपाखरू, बाटलीचा पेनस्टँड, बाटलीचा हत्ती नको. ते सगळे शाळेच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने घरी येऊन गेलेत आणि त्यांच्यावरची धूळ मीच पुसते.

चहाटळ

सासऱ्यांना विचारा, आणल्यात म्हणजे त्यांच्या डोक्यात काहीतरी योजना असेलच. (दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा)

तिखटमीठ

विचारलं. "लागतात कधीतरी" एवढंच उत्तर आलं.

काटकसर_काकू

तिखटमीठ, सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. मी त्यांच्याच पक्षातली.

एक लिटरच्या ३२ बाटल्या मला दे म्हटलं तर उद्या घेऊन जाईन. आमच्याकडे तूरडाळ, मूग, मटकी, चवळी, तांदळाची कणी सगळं बाटल्यांत असतं. बाटली धुवायची, झाकण काढून उलटी दोन दिवस वाळवायची. आत एक थेंब दिसला तरी भरायचं नाही. डाळ कडक उन्हात वाळवून पूर्ण गार होऊ द्यायची, मगच भरायची आणि काठोकाठ भरायची. भरताना बाटली ओट्यावर आपटत राहायचं म्हणजे दाणे बसतात आणि हवा कमी राहते. झाकण घट्ट. हवाच नाही तर पोरकिडे जगणार कशावर? डाळ कोमट असताना भरलीस तर मात्र आत घाम सुटतो आणि महिनाभराने बुरशीचा वास येतो. माझे एकदा दोन किलो मूग गेलेत असे, ते दुःख अजून ताजं आहे.

पीठ, रवा यांच्या नादी लागू नकोस. निमुळत्या गळ्यात अडकतं आणि मग सुरीच्या टोकाने टोचत बसावं लागतं.

आणि गळा कापून घ्यायचा, झाकणासकट. पोह्यांची किंवा शेंगदाण्यांची फाटकी पिशवी असते ना, तिचं तोंड खालून गळ्यातून वर ओढायचं, बाहेरच्या बाजूने दुमडायचं आणि वरून झाकण फिरवायचं. रबरबँड शोधायला नको, मुंग्या नाहीत. उरलेल्या खालच्या भागाचा तिरका काप घेतलास की धान्य काढायचं माप तयार.

मीनल७

काकू, कापलेली कड हाताला लागते हो. माझं बोट कापलं होतं.

काटकसर_काकू

इस्त्री तापव, मध्यमच. कापलेली कड इस्त्रीच्या तळावर दोन-तीन सेकंद टेकव. कड आत वळते आणि गुळगुळीत होते. इस्त्रीवर आधी जुना सुती कपडा किंवा बेकिंगचा कागद घाल, नाहीतर ह्यांच्या शर्टाला प्लॅस्टिक चिकटेल आणि मग माझं नाव सांगशील.

वऱ्हाडी_ठेचा (अमरावती)

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकते. बावा, झाडाले सकाळी पाणी घातलं का दुपारी जमीन पुन्हा तापल्या तव्यावानी. लिंबाची नऊ रोपं लावली होती, त्यातली चार पहिल्या उन्हाळ्यात गेली. दुसऱ्या वर्षी दोन लिटरच्या बाटल्या लावल्या, ते सांगतो.

पहिली चूक म्हणजे झाकणाला सुईनं भोक पाडून बाटली उलटी रोवली. पाणी थोडं गळलं आन् बंद. वाटलं भोक बुजलं. भोक साफ होतं, बाटलीत हवा शिरायलेच जागा नव्हती. बूड कापलं का झालं काम. दुसरी चूक, भोक खरंच बुजलं. मातीत झाकण गाडलं का चिखल घुसतेच.

आता असं करतो. बूड पूर्ण कापत नाही, तीन बाजूंनी कापून झाकणासारखं ठेवतो. भरायले सोपं जाते आन् वरून कचरा, डास जात नाहीत. झाकणाला भोक पाडतच नाही, झाकण अर्धा आटा ढिलं ठेवतो. थेंब जास्त पडला का थोडं आवळायचं. गळ्याभोवती जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून खोडापासून वीतभर लांब, तिरकी रोवायची. दोन लिटर पाणी माझ्याकडे रात्रीतून जिरते. खोडाच्या बुडाशी उसाचं पाचट नाहीतर सोयाबीनचं कुटार टाकायचं, ते नसलं तर बाटली एकटी काही करत नाही. पाच रोपं वाचली, आता कमरेएवढी झाली.

खरं सांगू का, आमच्या आजीनं हेच काम गाडग्यानं केलं असतं. मातीचं कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी आपोआप पाझरते. पण आता मडकं पैसे देऊन आणा लागते आन् बाटली फुकट पडली असते.

तिखटमीठ

वा, तपशिलांबद्दल धन्यवाद! ११ मोठ्या बाटल्यांचा विचार ह्यासाठीच करते. पण बाल्कनीतल्या कुंड्यांत एवढी बाटली रोवली तर झाडाला जागा कुठली?

कुंडीवाली

कुंडीत रोवू नकोस, बाटलीचीच कुंडी कर. मी गेली चार वर्षं पुदिना, ओवा, कोथिंबीर अशीच लावते.

एक लिटरची बाटली वरून एक तृतीयांशावर काप. झाकणाला तापल्या खिळ्याने भोक पाड आणि त्यातून सुती नाडी ओवून घे. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसव. वर माती, खाली पाणी, मध्ये नाडी. नाडी पाणी वर ओढते. आम्ही आठ दिवस गावी गेलो तरी पुदिना हिरवागार होता.

नाडीवरून आठवलं. पहिल्या वेळी मी नवीन आणलेली चकचकीत दोरी घातली होती. चार दिवसांत रोप मान टाकून बसलं आणि खालचं पाणी जसंच्या तसं! दोरी नायलॉनची निघाली, ती पाणी शोषतच नाही. मग आईच्या जुन्या परकराची नाडी काढली. वर्षानुवर्षं धुतलेली, मऊ. ती भिजवूनच ओवायची आणि मातीत गोल फिरवून बसवायची.

दुसरं, पारदर्शक बाटली उन्हात ठेवली की आठवड्यात आत हिरवं शेवाळ धरतं. मुळांनाही उजेड नको असतो. मी जुन्या पायमोज्यात घालते. दिसायला भयंकर दिसतं, पण बाल्कनीत येतंय कोण बघायला?

आणि ते गजाला बाटल्या आडव्या टांगून 'हिरवी भिंत' करायचे व्हिडिओ बघून भुलू नकोस. मी केली होती. मूठभर माती, पश्चिमेचं ऊन, एप्रिलमध्ये सगळी मुळं शिजली. दोन उन्हाळ्यांत प्लॅस्टिक पिवळं पडून तडकलं आणि त्याचे तुकडे खालच्या काकूंच्या लोणच्याच्या बरणीपाशी पडले. त्यावर सोसायटीची खास मीटिंग झाली.

पांढरा_कोट

माझा व्यवसाय नावावरून कळेलच. तीन गोष्टी.

वर नाडीची कुंडी आहे, तिच्या पाण्याला वरून फट राहता कामा नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास नाल्यात नाही, आपल्या घरातल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्याला बाटलीच्या बुडातलं दोन चमचे पाणीही पुरतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. अंडी कोरड्या बाटलीच्या भिंतीला महिनोन्‌महिने चिकटून राहतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी नुसतं ओतून टाकू नका, आतून घासा. आणि तिखटमीठ, बाल्कनीतल्या त्या गोण्या पावसाच्या आधी आत घ्या. झाकण नसलेल्या १७४ बाटल्या म्हणजे डासांचं प्रसूतिगृह आहे.

दुसरं, ह्याच बाटल्या प्यायच्या पाण्यासाठी पुन्हा पुन्हा भरणं. बुडाला त्रिकोणात १ आकडा असतो, म्हणजे बाटली पेट ह्या प्रकारच्या प्लॅस्टिकची. ह्यात बीपीए हे रसायन नसतं, ती भीती पॉलिकार्बोनेट ह्या दुसऱ्या प्लॅस्टिकची, त्रिकोणात ७ असलेल्या काही जारची. पेट बनवताना अँटिमनी नावाचं मूलद्रव्य वापरतात आणि बाटली तापली की ते पाण्यात जास्त उतरतं. उन्हात उभ्या गाडीतली बाटली, गरम पाणी भरलेली बाटली हे टाळा. गरम पाण्याने तशीही ती आकसून वाकडी होते. रोजच्या वापरातला खरा त्रास साधा आहे. गळा अरुंद, आत हात जात नाही, ओरखड्यांत जंतू बसतात. स्टीलची बाटली घ्या, मुलाला तीच द्या.

तिसरी गोष्ट कळकळीने सांगतो. पेयाच्या बाटलीत फिनेल, अ‍ॅसिड, रॉकेल, फवारणीचं औषध भरू नका. कधीच नाही. "आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे" असं प्रत्येक घरात म्हणतात. पाहुण्यांना माहीत नसतं, चार वर्षांच्या पोराला माहीत नसतं, मध्यरात्री तहानेने उठलेल्या आजोबांना माहीत नसतं. मी अशी घरं पाहिली आहेत. कुणी प्यालंच तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.

मीनल७

डॉक्टर, आत्ता उठून मोरीतली लिंबूसरबताची बाटली फिनेलसकट बाहेर काढली. त्यावर मी मार्करने 'फिनेल' लिहिलं होतं. आमच्या कामवाल्या मावशींना वाचता येत नाही, हे तीन वर्षांत लक्षातच आलं नाही.

आगळ_आणि_आमसूल (कुडाळ)

बाटल्या उरल्या हा प्रश्न कोकणात नाहीच हो! आमच्याकडे बाटल्या कमी पडतात. मे महिन्यात कोकमाचं आगळ, खोबरेल, मध सगळं बाटल्यांतून पाहुण्यांकडे जातं. गोव्याकडे हायवेला बघा, उराक आणि फेणी ही काजूची दारूसुद्धा पाण्याच्या बाटलीतच उभी असते. नातेवाईक आले की आई आधी विचारते, "रिकामी बाटली हाडलास मां?" आगळ आंबट आणि खारट असतं म्हणून मी स्वतः आता काचेत भरतो, पण एसटीने मुंबईला पाठवायचं झालं तर काच कोण नेणार!

तुमच्या १३१ छोट्यांसाठी उपाय. पाऊण भरा आणि फ्रीजरमध्ये टाका. पूर्ण नका भरू, पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं आणि बाटली फाटते. मासळी आणायला जाताना पिशवीत चार टाका. सुट्ट्या बर्फासारखं पाणी सुटून बांगड्यांचा चोथा होत नाही. आम्ही सुरमई अशीच रात्रीच्या गाडीने ठाण्याला पोचवतो.

मोठ्या बाटलीचा आंब्याच्या बागेत फळमाशीचा सापळा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा प्रसिद्ध आहे, त्याच तत्त्वावर घरी करता येतो. बाटलीच्या वरच्या अर्ध्यात समोरासमोर बोटभर भोकं पाडायची. आत तारेने कापसाचा बोळा टांगायचा, त्यावर मिथाइल युजेनॉल, म्हणजे माशीला वासाने ओढणारं रसायन. ते कृषी सेवा केंद्रात मिळतं. बुडाला साबणाचं पाणी. सावलीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर टांगा. ह्यात फक्त नर येतात, पण नर कमी झाले की माद्यांची अंडी वाया जातात. काकडी, दोडका, कारल्याच्या वेलाला हे चालत नाही, तिथली माशी वेगळी, तिला क्यूलुअर नावाचं वेगळं आमिष लागतं. हा फरक न कळल्यामुळे मी एक अख्खा पावसाळा पडवळाच्या मांडवाखाली आंब्याचा वास टांगून बसलो होतो. एक माशी फिरकली नाही. पडवळं मात्र सगळी किडकी.

डोंबिवलीत आंबा नसेल, पण ओट्यावर चिलटं असतीलच. छोटी बाटली कापा, गळा उलटा आत बसवा, खाली पिकल्या केळ्याचा तुकडा, चमचाभर व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब.

चहाटळ

पक्ष्यांसाठी बाटलीत आडवे चमचे खोचून दाणे ठेवायचे, ते कुणी केलंय का? सगळीकडे फिरतंय ते.

कुंडीवाली

केलंय. चिमणी आली, चमच्यावरून घसरली, पुन्हा आली नाही. कबुतर आलं आणि बाटलीसकट खाली गेलं. मातीची परळ ठेव.

भिंतीबाहेर

कुणीच विटांबद्दल बोललं नाही? बाटलीत घरातले सगळे रॅपर, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे ठासून भरायचे. एक लिटरच्या बाटलीत निदान ३३० ग्रॅम माल बसला पाहिजे, तर ती वीट टणक होते. मी सतरा केल्यात, त्यांचं बसायचं स्टूल होतं.

भंगार_प्रेमी (पुणे)

भिंतीबाहेर, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. पेट हा ह्या सगळ्या कचऱ्यातला सगळ्यात विकला जाणारा माल आहे. त्याचे तुकडे होतात, धागा होतो, उशांतला कापूस आणि कपडे होतात. त्यात रॅपर ठासले की बाटलीही बाद आणि रॅपरही बाद. वीट उन्हात ठेवली तर कालांतराने फुटते आणि आतलं सगळं वाऱ्यावर.

मी गल्लीतल्या भंगारवाल्याकडे अर्धा दिवस बसलो होतो, म्हणून त्याचं गणित सांगतो. बिनरंगी बाटलीला हिरव्यापेक्षा जास्त भाव. झाकण वेगळ्या प्लॅस्टिकचं, ते वेगळं काढलेलं असलं तर तो खूश. आत तेल, सरबत, सिगारेटची थोटकं असली की तो नाक मुरडतो, कारण पुढचा व्यापारी त्याचा भाव पाडतो. बाटली चेपून दिली की एका गोणीत तिप्पट मावतात. तो चेपत होता तेव्हा हात बघितले मी त्याचे. आपण घरी पायाखाली एकदा दाबली तर त्याचे तेवढे श्रम वाचतात.

आणि द्यायच्या तर थेट कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हातात द्या, ओल्या कचऱ्यात लोळवून नको. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून ह्याच लोकांची संघटना आहे. ह्या बायका शहराचा किती माल परत कारखान्यापर्यंत नेतात, ते आपल्याला दिसत नाही.

माझं मत थोडक्यात. घरात काम अडलंय आणि बाटलीने ते भागतंय, तर वापरा. बाटली पडून आहे म्हणून तिच्यासाठी काम शोधत बसू नका.

काटकसर_काकू

म्हणजे माळ्यावरच्या साठ बाटल्यांचं काय म्हणणं आहे तुमचं?

भंगार_प्रेमी

काकू, मी काहीही म्हटलेलं नाही.

बर्फात_भाकरी (श्टुटगार्ट)

इथे जर्मनीत हा प्रश्न पैशाने सोडवलाय. २००३ पासून एकदा वापरायच्या पेयाच्या बाटलीवर अनामत असते, २५ सेंट. तिला 'फांड' म्हणतात. दुकानातल्या यंत्रात बाटली सरकवायची, चिठ्ठी मिळते, ती बिलातून वजा. बाटली चेपायची मात्र नाही, चेपली की यंत्र बारकोडची पट्टी वाचत नाही आणि परत तोंडावर फेकतं. माझ्या बाबांनी इथे आल्या आल्या पहिल्याच दिवशी सवयीने आठ बाटल्या पायाखाली घेतल्या. दोन युरो गेले. तेव्हापासून ते बाटली तान्ह्या बाळासारखी धरून नेतात आणि बागेत कचरापेटीशेजारी कुणी उभी करून ठेवलेली दिसली की तीही उचलतात. मी त्यांना समजावलं की ती लोक मुद्दाम ठेवतात, ज्यांना गरज आहे त्यांनी न्यावी म्हणून. आता तेही आपली एखादी ठेवून येतात.

मीनल७

आपल्याकडे २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा बाटली परत दिली की पैसे मिळणार असं जाहीर झालं होतं की! मी चार महिने बाटल्या जपून ठेवल्या होत्या. आमच्या भागात परत कुठे द्यायच्या ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आगळ_आणि_आमसूल

एक राहिलंच. मामाच्या गोठ्यात दिवसाही अंधार. पत्र्याला भोक पाडून दोन लिटरची बाटली बसवली, एक तृतीयांश वर, बाकी आत. स्वच्छ पाणी आणि दोन झाकणं ब्लीच, म्हणजे शेवाळ धरत नाही. वरचं ऊन पाण्यातून वळून गोठाभर पसरतं. ब्राझीलच्या आल्फ्रेडो मोझर नावाच्या मेकॅनिकने २००२ च्या सुमारास ही युक्ती काढली. भर दुपारी चाळीस-साठ वॅटच्या दिव्याइतका उजेड पडतो. म्हैस पहिल्या दिवशी बिचकली होती.

फक्त भोकाच्या कडेला सीलंट मी एप्रिलच्या उन्हात, तापल्या आणि धुळकट पत्र्यावर लावलं. जुलैत तिथून धार लागली, नेमकी मामाच्या डोक्यावर. पुन्हा पत्रा घासून, पुसून, सकाळच्या गारव्यात लावलं तेव्हा राहिलं.

तिखटमीठ

दोन महिन्यांनी हा चर्चेचा धागा वर काढतेय, हिशोब द्यायला.

एक लिटरच्या ३२ पैकी १० डाळी-कडधान्याला, ६ नाडीच्या कुंड्यांना (नाडी सासूबाईंच्या परकराची, परवानगी घेऊन), ४ चे गळे पिशव्यांना. मोठ्या ११ पैकी ३ सोसायटीच्या आवारातल्या कढीपत्त्याला आणि दोन जास्वंदींना, वऱ्हाडी पद्धतीने. दुसऱ्या दिवशी वॉचमनकाका कचरा समजून उपटत होते, धावत खाली गेले. लहानातल्या ८ फ्रीजरमध्ये, ३ चिलटांना. चिलटांचा सापळा जबरदस्त चालला, मी रोज सकाळी मोजत होते.

म्हणजे १७४ पैकी ३४ कामाला लागल्या. उरलेल्या १४० मी आणि धाकट्याने एका शनिवारी बाल्कनीत बसून झाकणं काढून चेपल्या. दोन गोण्यांची अर्धी गोणी झाली. कचरा न्यायला येतात त्या ताईंना दिली. सासरे दारात उभे राहून बघत होते. गोणी लिफ्टमध्ये गेल्यावर म्हणाले, "दोन ठेवायच्या होत्यास, लागतात कधीतरी."

काटकसर_काकू

बरोबरच आहे त्यांचं.

चहाटळ

धाकट्याची मुंज कधी?

तिखटमीठ

दोन वर्षांनी. तेव्हा बाटल्या नाहीत, हे घरात ठरलंय. वाळा घातलेले माठ आणि पंगतीत तांब्या-भांडं. आता दीडशे भांडी विसळणार कोण, ह्यावर चर्चा सुरू आहे. सासरे म्हणतायत, हॉलवाला विसळेल. हॉलवाला म्हणतोय, बाटल्याच बऱ्या.